तापल्याशिवाय पट्टी बोलत नाही

इंजिन ऑइल तपासणं हे सभ्य माणसाचं काम आहे. गाडी बंद, इंजिन गार. पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा घालून पुन्हा ओढायची आणि समाधानाने मान हलवून घरात जायचं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला हा सभ्यपणा मानवत नाही. त्याची पहिली अट, गाडी सपाट जागेवर हवी. दुसरी, इंजिन चालू हवं. तिसरी, तेल चांगलं तापलेलं हवं, म्हणजे आधी १५-२० मिनिटं गाडी फिरवून आणायची. ज्या गाडीत तेल कमी असल्याचा संशय आहे, तीच गाडी! दम लागतो म्हणून गेलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी आधी गावाला फेरी मारून यायला सांगावं, तसाच हा प्रकार.

अटींमागे कारण आहे, हे मान्य. हे तेल नुसतं वंगण नाही. इंजिनाची ताकद चाकांकडे निघते ती टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या डब्यात, घुसळणाऱ्या याच तेलातून. आतले क्लच दाबले जातात तेही याच तेलाच्या दाबाने. आणि एवढं करून जी उष्णता होते ती बाहेर वाहून न्यायची जबाबदारीही याच्याच गळ्यात. इंजिन चालू असलं की पंप आधी ही सगळी गिऱ्हाइकं भागवतो आणि खाली उरलेलं तेल पट्टी मोजते. इंजिन बंद करा, वरचं तेल खाली उतरतं आणि पट्टीवर अचानक सुबत्ता दिसू लागते. तापल्यावर तेल फुगतं, म्हणून पट्टीवर गार आणि गरम अशा वेगळ्या खुणा. त्यातही एकवाक्यता नाही. बऱ्याच कंपन्या गिअरचा दांडा पीमध्ये, म्हणजे पार्कमध्ये ठेवा म्हणतात, काही एनमध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये, तर एखादी इंजिन बंद करूनच बघा म्हणते. म्हणून आधी गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचावं. ते ग्लोव्ह बॉक्समध्ये असतं. आमच्या व्हॅनचा ग्लोव्ह बॉक्स उघडत नाही.

व्हॅन ही माणसांची सोय बघून बनवलेली गाडी आहे, फक्त ती माणसं आत बसलेली असली पाहिजेत. बॉनेटसमोर उभं राहणाऱ्याचा विचार कोणीही केलेला नाही. नाक आखूड, त्यामुळे निम्मं इंजिन पुढच्या काचेखाली सरकवलेलं. इंजिन ऑइलची पट्टी पुढे, हाताशी. गिअरबॉक्सची मात्र पार मागे, अंधारात, भिंतीला पाठ लावून उभी. तिथपर्यंत हात न्यायचा तर छातीपर्यंत आत शिरावं लागतं. आणि इंजिन चालू आहे, हे विसरू नका. इकडे पट्टा फिरतोय, तिकडे एक्झॉस्ट तापलाय, आणि रेडिएटरच्या पंख्याला तर मनात येईल तेव्हा सुरू व्हायची मुभाच आहे. सैल बाहीचा सदरा घालून या कामाला जाऊ नये. खरं तर कुठलाही आवडता सदरा घालून जाऊ नये.

तपासण्याआधी एक विधी असतो. ब्रेकवर पाय दाबून गिअरचा दांडा पी, आर, एन, डी असा प्रत्येक घरात थोडा थोडा थांबवत न्यायचा आणि परत पीवर आणायचा, म्हणजे तेल सगळ्या वाटांनी फिरून येतं. हे काम बायकोकडे. ती दांडा फिरवत असताना मी गाडीसमोर उभा राहत नाही. आमचा संसार सुखाचा आहे, पण उगाच संधी कशाला द्या! हँडब्रेक ओढला, दांडा पीमध्ये गेला, याची खात्री झाली की मग मी बॉनेटमध्ये शिरतो.

"झालं. बंद करू आता?"

"नको, चालू ठेव!"

"काय? चालवू?"

"ठेव! ठेव! ठेव!"

"अरे, ओरडतोस कशाला? ठेवलीय की."

पट्टी बाहेर येते. तिला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंची दोन मतं असतात. एकीकडे तेल खुणेच्या वर, दुसरीकडे जेमतेम टोकाला. नळीच्या आतल्या अंगाला चिकटलेलं तेल पट्टी येताना घेऊन येते, त्यामुळे हा घोळ. अशा वेळी जी बाजू कमी दाखवते तिचं ऐकायचं. पुसायला धागे न सोडणारं फडकं लागतं, कारण आतल्या व्हॉल्व्हच्या वाटा इतक्या बारीक की एखादा तंतूसुद्धा तिथे ठाण मांडून बसतो.

पट्टी पुसायच्या आत शेजारचे काका हजर. चालू इंजिनाचा आवाज आणि उघडं बॉनेट एवढं आमंत्रण त्यांना पुरतं. ते पट्टीला नाक लावतात. ही पद्धत अशास्त्रीय नाही बरं का! नवं तेल बहुधा लाल असतं, मुद्दाम रंगवलेलं, म्हणजे जमिनीवर डाग पडला तर तो कुणाचा हे कळावं. जुनं झालं की तपकिरी होतं. करपट वास आला तर आतले क्लच जळताहेत. आणि दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरचं पाणी आत शिरलंय, मग पुढे काही तपासत बसू नये. काका डोळे मिटून वास घेतात आणि म्हणतात, "जळालंय." काका सगळ्याच गाड्यांना हेच म्हणतात. इलेक्ट्रिक स्कूटरलाही म्हणाले होते.

तेल लालच होतं. नुसतं कमी होतं.

घालायचं तेही हाताला येईल ते नाही. डेक्सरॉन, मरकॉन, एटीएफ प्लस फोर अशी घराणी आहेत, आणि सीव्हीटी नावाच्या बिनपायऱ्यांच्या गिअरबॉक्सचं तेल तर या पंगतीत बसतच नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल घालत असत, क्लच हळुवार धरावेत म्हणून. पुढे देवमाशाला कायद्याचं संरक्षण मिळालं. आता आमच्या व्हॅनसाठी कुणाला समुद्रात उतरावं लागत नाही. बॉनेटमध्ये मात्र अजून उतरावं लागतं.

कारण तेल ओतायचं भोक म्हणजे पट्टीचीच ती बोटभर नळी. त्यात जाईल असं लांब मानेचं नरसाळं लागतं. एका हातात नरसाळं, दुसऱ्यात बाटली, आणि टॉर्च दातांत, त्यामुळे काकांना उत्तर देता येत नाही. काकांचं एकच पालुपद, "ओता की अजून!" पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर साधारण अर्धा लिटर भरतं, म्हणून कपाच्या मापाने, थांबत थांबत घालायचं. जास्त झालं तर आत फिरणारे भाग तेल घुसळून त्याचा फेस करतात, फेसाला दाब पेलत नाही आणि गिअर घसरायला लागतात. तेल कमी असलं तरी हेच होतं! शिवाय घातलेलं काढायचं तर त्याच नळीत बारीक पाइप सोडून थेंब थेंब ओढत बसायचं. ओतल्यावर नळी ओली असते, ती निथळेपर्यंत पट्टी काहीही सांगते. तोवर उभं राहायचं, काकांसह.

नव्या गाड्यांनी यावर उपाय काढलाय, पट्टीच काढून टाकली. तिथे गाडी सपाट उचलतात, तेलाचं तापमान यंत्रावर बघतात आणि चालू इंजिनाखाली जाऊन बूच उघडतात. बारीक धार लागली की पातळी बरोबर. काकांना हे सांगितलं तर ते किंचित खिन्न झाले.

अखेर पट्टीच्या दोन्ही बाजूंचं एकमत झालं. बायको खाली उतरली आणि एवढा वेळ न विचारलेला प्रश्न तिने विचारला, "पण आधीचं गेलं कुठे?"

रास्त प्रश्न. इंजिन थोडंफार तेल जाळतं, गिअरबॉक्स जाळत नाही. त्यातलं तेल कमी झालं म्हणजे कुठूनतरी गळलंच. तेल गार करणाऱ्या कूलरच्या नळ्यांचे जोड, पॅनचं गॅस्केट, नाहीतर एखादं सील. चोर पकडायला रात्री व्हॅनखाली भलामोठा पुठ्ठा अंथरला, वर गाडीचं पुढचं टोक कुठलं तेही लिहून ठेवलं. सकाळी वाकून पाहिलं तर पुठ्ठा कोरा करकरीत, आणि त्याच्या काठापासून चार बोटं पलीकडे लालभडक ठिपका. काका बोट लावून वास घेत होते.