साहेबांनी शिट्टी मारली की सायकलवाल्यानं काय करावं

सायकल घेतली का? अभिनंदन. आता एक करा, मोटार वाहन कायदा 1988 ची प्रिंट तेवढी काढू नका. मी काढली होती, लॅमिनेशन करून सीटखालच्या पाऊचमधे ठेवली होती, कलम 2(28) ला पिवळा हायलायटर मारून, की बाबा यंत्राच्या ताकदीवर चालतं ते मोटार वाहन, नि आपल्या सायकलचं यंत्र म्हणजे आपल्याच मांड्या, म्हणून लायसन नको, इन्शुरन्स नको, पीयूसी नको. कायद्यात पक्कं बसतंय. चौकात बसत नाही.

शिट्टी ऐकू आली की आधी खाली उतरा. एक पाय टेकवून सीटवरच बसून राहिलात की माज दिसतो. "साहेब" म्हणा, "सर" म्हणलं की पुण्याहून आल्यासारखं वाटतं. ती घट्टवाली चड्डी घालून तर चौकात जाऊच नका, अर्धी केस तिथंच हरता.

मी तर साध्या पॅन्टवर होतो, जानेवारीची सकाळ, कॅरियरला ज्वारीचं दळण बांधलेलं.

"कुठं निघालाव?"

"घरी. गिरणीतून आलो, साहेब."

"हेल्मेट?"

डोक्यावरच होतं, सायकलचं, थर्माकोलवालं. साहेबांनी त्याच्यावर दोन टिचक्या मारल्या, टरबूज पारखतात तशा, नि म्हणले, याच्यावर आयएसआय कुठाय? आता इथं गप बसायचं असतं. मी म्हणलो, साहेब, कलम 129 मोटरसायकलला आहे, सायकलला नाही. "वकील हाव का?" याचं बरोबर उत्तर "नाही" हे आहे. "नाही, पण" हे नाही. मी "पण" म्हणलो. मग कळालं की हेल्मेटच्या कलमात हजार रुपये नि वर तीन महिने लायसन सस्पेंड असतं. सायकलचं लायसन जाणार म्हणल्यावर माझ्या पोटात गोळाच आला, जे कधी काढलंच नाही ते परत कुठून आणायचं!

(बॅटरीची सायकल असेल, अडीचशे वॅटच्या आतली नि पंचवीसच्या वर न पळणारी, तर तिलाही लायसन लागत नाही, पण हे समजावून सांगायचं असेल तर ऑफिसातून सुट्टी टाकून या.)

खरी अडचण कायद्याची नव्हतीच, मशीनची होती. चलनाच्या मशीनला गाडी नंबर पाहिजे, त्याशिवाय ती पुढं सरकत नाही. साहेबांनी पुढून बघितलं, मागून बघितलं, मग मीच शहाणपणा केला, म्हणलं नंबर असतो साहेब, खाली पायडलच्या कण्याखाली, फ्रेमवर कोरलेला. झालं, सायकल उलटी. दळणाची गाठ सुटली नि पाच किलो पीठ डांबरावर, साहेबांच्या बुटावर, थोडं माझ्या लॅमिनेशनवर. तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर गेला, मागं दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर कशालाच नाही, टेप फुल. त्याच्या मागून काळी-पिवळी, आत किती माणसं ते मोजता नाही आलं, बाहेर लोंबकळणारे चार मोजले. ड्रायवरनं हात केला, साहेबांनीही केला. नीट सायकल पकडायची म्हणजे डोकं खालीच घालावं लागतं, वरचं कसं दिसणार.

तसं हे आजचं नाही. आमचे आबा सांगायचे, त्यांच्या काळात रात्री सायकलला दिवा नसला की नाहीतर डबलसीट सापडले की पोलीस सरळ हवा सोडायचे. मला ती पद्धत लई आवडते. पावती नाही, सर्वर डाउन नाही, घरापर्यंत ढकलत न्या, विषय संपला. समृद्धी महामार्गावर सायकल न्यायची नाही हा नियम मला मान्य आहे, पण गिरणीच्या रस्त्याला पण समृद्धी आली काय ते तेवढं सांगा.

फ्रेमचा नंबर मशीननं घेतला नाही. साहेब घामाघूम, मी पीठ भरतोय. शेवटी त्यांनाच माझी दया आली, म्हणले, घरी गाडी आहे ना एखादी? तिचा नंबर सांगा, मिटवून टाकू.

मी सांगितला. हेल्मेट नाही म्हणून चलन फाटलं, अंगणात कव्हर घालून उभ्या असलेल्या स्कूटीवर. स्कूटी बायकोच्या नावावर आहे, मेसेज तिला गेला, नि मी पोचायच्या आधी ती दारात उभी होती, एक हात कमरेवर, एका हातात मोबाईल, पहिला प्रश्न, "मागं कोण बसलं होतं?"