सतरा माणसांचा व्हिला

चार कुटुंबांनी मिळून एखाद्या गावातल्या व्हिलावर दोन दिवस राहायला जायचे ठरले, की व्हिला निवडण्याचे काम चुकूनही एका माणसावर सोपवू नये. एकटा माणूस मालकाला फोन करतो, बाथरूम किती आहेत असे सरळ विचारतो, आणि मग पुढच्या तीन आठवड्यांची करमणूक बुडते. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढावा, त्यात नवरे, बायका आणि नुकतीच मते फुटू लागलेली मुले अशा सगळ्यांना घ्यावे, आणि रोज रात्री जेवणे झाल्यावर प्रत्येकाने तीन-तीन फोटो टाकावेत.

निवड फोटोवरूनच करावी. स्विमिंग पूलचे पाणी निळे दिसते ते तळाच्या फरशीमुळे आणि पूल ऐसपैस दिसतो तो लेन्समुळे, हे आपल्याला ठाऊक असले तरी ग्रुपवर लिहू नये. असे लिहिणाऱ्याला निगेटिव्ह म्हणतात आणि पुढच्या सहलीचा ग्रुप त्याच्याशिवाय निघतो. आम्ही नागावचा जो व्हिला घेतला, तो झोपाळ्यापायी घेतला. दोन नारळांच्या मध्ये पांढऱ्या दोरांचा झोपाळा, त्यावर कोणीही बसलेले नाही आणि मागे मावळतीचा उजेड, एवढा एक फोटो पाहून आठही जणांनी होकार भरला. बरोबर येणाऱ्या तीन वडीलधाऱ्यांना विचारायचे तेवढे राहून गेले. झोपाळ्यावर बसू नये अशी पाटी होती, पण ती फोटोच्या चौकटीबाहेर होती.

गाव नेमके कोणते, या चौकशीतही फार खोल शिरू नये; जाहिरातीत 'अलिबाग' असले म्हणजे पुरे. अलिबागच्या उत्तरेला मांडवा सुमारे २० किलोमीटरवर आणि दक्षिणेला रेवदंडा सुमारे १७ किलोमीटरवर आहे, आणि या साऱ्या पट्ट्यातले कोणतेही घर भाड्याने देतेवेळी अलिबागेतच असते. सासवणे, आवास, किहीम, आक्षी, चौल ही नावे त्या त्या गावांनी इतकी वर्षे उगाचच सांभाळली. 'मी काय अलिबागहून आलोय का?' असे उठसूट म्हणणाऱ्या मुंबईकरांना कुठलेही घर अलिबागचे म्हणून खपवता येते, ही त्या गावाने केलेली सव्याज परतफेड असावी. 'समुद्र पाच मिनिटांवर' हे वाक्यही वाचून पुढे जावे. मिनिटे कोणाची, असे विचारू नये. ती केअरटेकरच्या मोटारसायकलची असतात.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट नेणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे आणि तासाभरात पलीकडे पोहोचवते. पण सतरा माणसे एकत्र जाणार म्हटल्यावर मिनीबस करून वडखळमार्गे जाण्यात जी गंमत आहे ती बोटीत नाही. शिवाय नागावच्या वाड्यांमधून जाणारी गल्ली मिनीबसला पुरत नाही, हे शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला कळते. मग गुडघ्यांचे ऑपरेशन झालेल्या आजी आणि बर्फाने भरलेली दोन खोकी यांपैकी आधी कोणाला उचलायचे, यावर भर रस्त्यात चर्चा करता येते.

तारीख मात्र चोखंदळपणे निवडावी. चांदणे हवे असते, म्हणून पौर्णिमेचा शनिवार गाठावा. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा सुमार निघतो. अष्टमीला सहाची भरती, म्हणजे सूर्यास्ताला पाणी पायाशी. पौर्णिमेला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते, आणि संध्याकाळी सहाला, आपण सगळे टोप्या घालून फोटोसाठी उभे राहतो त्या वेळी, समुद्र त्या सपाट किनाऱ्यावरून इतका मागे गेलेला असतो की आजोबांनी "अजून किती चालायचं?" असे विचारून तिथेच बसकण मारली. हा हिशेब आमच्या केअरटेकरला तोंडपाठ होता. पण तो त्याला विचारायचा, तर आधी त्याचे नाव विचारावे लागले असते, आणि आम्ही त्याला दोन दिवस 'दादा' म्हणूनच भागवले.

आता 'वीस जणांची उत्तम सोय' याविषयी. या वाक्यात खोल्या मोजू नयेत, गाद्या मोजाव्यात. चार बेडरूममध्ये आठ माणसे पलंगावर झोपतात आणि उरलेल्यांसाठी दिवाणखान्यात रात्री अकरा वाजता गाद्यांची चळत येते. तळमजल्याची खोली आजी-आजोबांसाठी ठेवावी, असा विचार मनात आल्यास तो दाबावा. ज्या कुटुंबाची बॅग आधी आत गेली त्या कुटुंबाची खोली, हा सर्वमान्य न्याय आहे. बाथरूमची संख्या विचारणे तर यजमानाचा अपमानच समजला जातो. आमच्याकडे दोन बाथरूम आतमध्ये होती आणि तिसरे पुलाजवळ, ज्याच्या दाराला कडी होती पण ती बाहेरून. गीझर १५ लिटरचा. सकाळी साडेसातला त्या दारापुढे टॉवेल खांद्यावर टाकून सहा माणसे उभी होती, आणि वीस-वीस वर्षांचे मित्र एकमेकांना "तुला किती वेळ लागतो?" असे ज्या सुरात विचारत होते, तो सूर मी याआधी फक्त रेशनच्या रांगेत ऐकला होता.

स्वयंपाकघर पाहूनच व्हिला पक्का करावा, असे काही अनुभवी बायका म्हणतात. त्यांचे ऐकू नये. जाहिरातीत 'सुसज्ज किचन' असते आणि ते खरेही असते. आमच्या किचनमध्ये एका दांडीला उलटे टांगलेले बारा वाइन ग्लास होते, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा होता आणि लिंबू पिळायचे इटालियन यंत्र होते. सांडशी नव्हती. चहाचे पातेले सहा कपांचे, शेगडी दोन बर्नरची आणि त्यातला एक रुसलेला. त्यामुळे पहाटे सहाला सुरू झालेला चहा तीन घाण्यांत सव्वासातला संपला, आणि पातेले प्रत्येक वेळी ओढणीच्या टोकाने उतरवले गेले. चौघीजणी 'आराम करायला' आल्या होत्या; त्यांपैकी कोणी ना कोणी सतत ओट्यापाशी होतीच, आणि झोपाळ्याचा फोटो पाहून सगळ्यांत आधी अंगठा दाखवणारे चौघे पुरुष पाण्यात पाय सोडून "इथे वेळ कसा थांबल्यासारखा वाटतो" असे म्हणत होते. स्वयंपाकाला गावातल्या एखाद्या काकूंना सांगता येते. पण त्याचे पैसे पडतात.

मासे केअरटेकरने आणावेत आणि आपण ते 'आत्ताच होडीतून उतरलेले' समजावेत. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तरीही सुरमई ताजीच मिळते, बर्फाची किमया. शनिवार पाळणारे कुटुंब बरोबर असल्यास वेगळ्या कढईची आठवण त्यांना तिथे पोहोचल्यावरच व्हावी.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावायला कायद्याने मनाई आहे, परंतु आपण भाडे चोवीस तासांचे भरलेले असते. खरे तर दुपारी एकला चेक-इन आणि सकाळी अकराला चेक-आउट म्हणजे ते बावीस तासांचेच होते, म्हणून उरलेले दोन तास आवाजात वसूल करावेत. कुंपणापलीकडे वाडी असलेले एक वृद्ध गृहस्थ पावणेबाराला बॅटरी घेऊन फाटकाशी आले. भांडायला आले असावेत अशी आमची खात्री होती. त्यांनी फक्त एवढेच सांगितले, की आता भरती पूर्ण आहे, चांदणेही लख्ख आहे, बघायचे असल्यास हीच वेळ. आम्ही त्यांचे आभार मानून गाणे बदलले.

राहता राहिला खर्च. तो कसा वाटायचा हे आधी ठरवणे मैत्रीला शोभत नाही. भाडे २८,००० रुपये. कुटुंबागणिक ७,००० होतात. माणशी वाटल्यास तिघांच्या कुटुंबाला पाच हजारांच्या आतच पडते आणि सहा जणांच्या कुटुंबाला दहा हजारांना टेकते. त्यामुळे तिघांचे कुटुंब माणशी न्यायाचे पुरस्कर्ते होते आणि सहा जणांचे कुटुंब एकजुटीचे. पाच वर्षांखालच्या मुलांचे धरायचे नाही असे कोणीतरी सुचवताच, गेल्याच महिन्यात ज्याच्या सहाव्या वाढदिवसाचा केक आम्ही सर्वांनी खाल्ला होता, तो मुलगा पुन्हा पावणेपाच वर्षांचा झाला.

हे सारे मिटवून निघताना ५,००० रुपयांच्या डिपॉझिटमधून मालकाने ६०० कापले: वाइन ग्लास, नग एक. बारांपैकी तेवढ्या एकाचाच वापर झाला होता. आजींना रात्री कवळी ठेवायला भांडे सापडले नव्हते. आता हे ६०० रुपये माणशी की कुटुंबागणिक, हा प्रश्न अद्याप ग्रुपवर आहे.