चहा निवायच्या आत उरकलेले मूल्यमापन

आज दुपारी आमच्या आयटीआयमध्ये समुपदेशनाच्या परस्पर मूल्यमापनाचे, म्हणजे विद्यार्थ्यांना व्यवसाय निवडायचा सल्ला कोण कसा देतो हे एकमेकांनीच ठरवायचे, तक्ते चहा निवायच्या आत भरून झाले, आणि त्यात मीही होते. मी शेजारच्या सरांना 'उत्कृष्ट' दिले, त्यांनी मला 'उत्कृष्ट' दिले. वर्षभरात आम्ही एकमेकांना विद्यार्थ्याशी बोलताना एकदाही ऐकलेले नाही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक मुलगी संधाता, म्हणजे वेल्डर, व्हायचे ठरवून आली होती. मी तिला वडिलांदेखत सुईंग टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे शिवणकामाकडे, वळवले आणि वर "लवकर कमावती होशील" असेही ऐकवले. दोन्ही व्यवसायांचे अभ्यासक्रम एकेका वर्षाचेच असल्यामुळे ती सबब धडधडीत खोटी होती. मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात, हे मात्र मी सांगितलेच नाही. पलीकडे बसलेले गटनिदेशक सर, म्हणजे कर्मशाळेत शिकवणाऱ्या निदेशकांचे वरिष्ठ, मुलगी गेल्यावर एवढेच म्हणाले, "मॅडम, तिचे एक तरी वाक्य तुम्ही पुरे होऊ दिलेत का?"

आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

आमच्याच कर्मशाळेत जोडारी, म्हणजे फिटरचे काम, शिकणाऱ्या मुलाने घासलेला जॉब, म्हणजे धातूचा तुकडा, निदेशक व्हर्नियर मापकाने 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजतात आणि माप चुकले तर तोंडावर सांगतात. त्याच मुलाला दोन वर्षे ज्या व्यवसायात घालवायची आहेत तो सुचवणाऱ्या आम्हा मंडळींचे माप मात्र कोणी घ्यायचे नाही, आणि घ्यायची वेळ आली की सगळेच उत्कृष्ट! अशा मूल्यमापनाच्या आडून जुने हिशेब चुकते करणारेही असतात, आणि प्रवेशाच्या गर्दीत दुसऱ्याच्या टेबलाशी बसायला सवड नसते, हे मान्य. पण मग तक्ता कोरा ठेवावा, खोटा कशाला भरायचा?

सहकाऱ्यांवर एवढे तोंडसुख घेताना जाणवते आहे, की त्या मुलीबद्दल विचारणारे सर नसते तर मी आजही तशीच मधेच बोलत राहिले असते. कदाचित अजूनही बोलते. ऐकायला कोणी बसलेलेच नाही. सर आता निवृत्त झाले आहेत आणि त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. त्या मुलीने शेवटी शिवणयंत्रच घेतले.

उद्या सकाळी प्राचार्यांकडून माझा तक्ता परत मागणार आहे, आणि शेजारच्या सरांना विचारणार आहे, की दोन दिवस तुमच्या टेबलाशी बसू का. त्यांनी उलट माझ्या टेबलाशी बसायचे म्हटले तर काय, या विचाराने मला आत्तापासूनच धडकी भरली आहे.