तिसरा गट

दोन घनतेच्या वक्ररेषा, म्हणजे कुठल्या आकड्याभोवती नोंदींची किती दाटी आहे ते दाखवणाऱ्या, एकमेकींवर काढणं हे काम म्हणण्याच्या लायकीचंही नाही. पायथॉनमध्ये आलेख काढायची सीबॉर्न नावाची लायब्ररी आहे, तिचं केडीईप्लॉट लिहायचं, रंग ठरवणाऱ्या ह्यूला गटाचा कॉलम द्यायचा, रेघेखाली रंग भरायला फिल ट्रू करायचं, झालं. जुना सर्व्हर किती सेकंदांत उत्तर देतो आणि नवा किती, एवढंच मीटिंगमध्ये दाखवायचं होतं.

नव्याच्या नोंदी थोड्या होत्या, म्हणून तो आधी तळाशी आडवा पडला. सीबॉर्न न विचारता सगळ्या गटांचं मिळून क्षेत्रफळ एक धरतं. ज्याची डोकी कमी त्याचा डोंगर बुटका. आकाराची तुलना करायला बसलेल्या माणसाला ही वाटणी कशाला हवी असेल? आर या दुसऱ्या संगणकभाषेतलं आलेखांचं जीजीप्लॉट मुकाट्याने प्रत्येक गटाला स्वतःचा पूर्ण एक देतं. असो. ही वाटणी बंद करायला कॉमन नॉर्म फॉल्स केलं आणि नवा उठून बसला.

मीटिंगमध्ये दुसऱ्या विभागातले एक गृहस्थ होते. आले होते चार्जर मागायला. चार्जर मिळाला, पण प्लग माझ्याच खुर्चीमागे होता, म्हणून बसले.

"मॅडम, हे शून्याच्या अलीकडे काय चाललंय? प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर?"

प्रश्न रास्त होता, हेच जास्त झोंबलं. प्रत्येक नोंदीवर एक छोटी घंटेच्या आकाराची टेकडी बसवायची आणि सगळ्या टेकड्यांची बेरीज करायची, असा हा प्रकार. काठावरच्या टेकड्या पलीकडे सांडतात. मी कट झीरो केलं, म्हणजे रेघ नोंदींच्या टोकाशीच छाटली.

"आणि उंची 1.6? एकशे साठ टक्के?"

"क्षेत्रफळ एक असतं हो, उंची नाही. सेकंदांऐवजी मिलिसेकंद घेतले तर हाच आकडा 0.0016 होईल."

"मग घ्या की मिलिसेकंद! उगाच एवढा मोठा आकडा कशाला दाखवता?"

साहेब हसले. हसणाऱ्या साहेबांसमोर माणसाला चेव येतो. गृहस्थ चार्जरची वायर ताणत उठले आणि पडद्यावर बोट टेकवलं. तो ठसा अजून तिथे आहे.

"निळा म्हणजे जुना. नारिंगी म्हणजे नवा. मग हा मातकट कोण?"

"कोणी नाही. निळ्यावर पारदर्शक नारिंगी चढलाय."

"पण सगळ्यात जास्त जागा त्यानेच खाल्लीय."

"दोन्ही सर्व्हर तिथे सारखे वागतात, म्हणून."

"तेच म्हणतोय मी. दोघांसारखा वागणारा तिसरा. तुमच्या त्या कोपऱ्यातल्या यादीत त्याचं नाव का नाही?"

मी फिल काढून नुसत्या रेघा दाखवल्या. तर म्हणे, "आता लपवलात!" टेबलाभोवतीच्या दोन-तीन माना चक्क हलल्या. शिकलेली माणसं, पगार घेणारी!

खरी गोष्ट उजव्या बाजूला होती. नव्या सर्व्हरला दोन उंचवटे होते: कॅशमधून, म्हणजे आधीच साठवलेल्यातून, उत्तर मिळालं की झटकन, नाही मिळालं की रखडलंच. जुन्या-नव्या सर्व्हरची सरासरी जवळपास सारखी. ती बघून हे जन्मात कळलं नसतं. म्हणून तर हा सगळा खटाटोप. तेवढ्यात साहेब म्हणाले, "जरा गुळगुळीत करा ना, खडबडीत वाटतंय." बँडविड्थ, म्हणजे त्या छोट्या टेकड्यांची रुंदी, ठरवायला स्कॉटचा नियम आहे, सिल्व्हरमनचा आहे, दोघेही एकाच उंचवट्याची माहिती मनात धरून चालतात, त्यामुळे दोन असले की आधीच जपावं लागतं. साहेबांचा नियम डोळ्याला बरं दिसण्याचा. ती रुंदी वाढवणारं बीडब्ल्यू अॅडजस्ट वाढवत नेलं तसा दुसरा उंचवटा पहिल्यात विरघळला आणि रखडलेले वापरकर्ते जगातून नाहीसे झाले. "आता कसं छान!" असं सगळे म्हणाले. मी मोठ्याने सांगितलं की आत्ता आपण अडचण पुसली. "ते ऑफलाइन बघू," असं उत्तर आलं. ऑफलाइन म्हणजे कुठे, ते मला नोकरीला लागल्यापासून कळलेलं नाही.

संध्याकाळी इतिवृत्त आलं. रखडणाऱ्या उत्तरांचा त्यात उल्लेख नाही. शेवटचा मुद्दा मात्र ठळक अक्षरांत आहे: तिसऱ्या गटाचा स्वतंत्र अहवाल, गुरुवारपर्यंत, जबाबदारी माझी. मार्गदर्शनाला चार्जरवाले.