टेलला घोडा कुणी दिला?

वाद्यवृंदाच्या दणदणीत वादनाचा एक व्हिडिओ अधूनमधून सगळ्या ग्रुपवर फिरतो. खाली मजकूर असतो: 'रोसिनीचं विल्यम टेल ओव्हर्चर. टेल घोड्यावरून निसटतो त्याचं वर्णन. आळशी रोसिनीने जुनंच ओव्हर्चर चिकटवलं आणि मग संगीत कायमचं सोडलं.'

रोसिनी हा इटालियन संगीतकार, 'विल्यम टेल' हा त्याचा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, आणि ओव्हर्चर म्हणजे त्याच्या सुरुवातीचं वाद्यसंगीत. आता आरोप एकेक करून. आधी घोडा. या ऑपेरात टेल घोडा उधळत पळत नाही. तो स्विस दंतकथेतला तिरंदाज, सरोवराकाठचा माणूस. चौथ्या अंकात तो शत्रूच्या हातून सुटतो तो होडीतून, भर वादळात सुकाणू धरून! व्हिडिओतला तुकडा 'स्विस सैनिकांची कूच' म्हणून ओळखला जातो. लय टापांसारखी वाटते हे मान्य. पण हे सूर आणि घोडा यांची गाठ जगाच्या कानात पक्की बसली ती १९३३ पासून, 'द लोन रेंजर' या घोडेस्वार नायकाच्या अमेरिकी रेडिओ मालिकेच्या शीर्षकसंगीतामुळे. ऑपेरा पॅरिसच्या रंगमंचावर आला होता ३ ऑगस्ट १८२९ रोजी.

शिवाय तो तुकडा म्हणजे अख्खं ओव्हर्चर नव्हे. आपल्याकडची नांदी गातात, ही नुसती वाजवतात, साधारण बारा मिनिटं. सुरुवात पाच एकल चेलोंनी (चेलो म्हणजे खर्जातलं, मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य), इतकी हळुवार की गाडीत ऐकली तर निम्मी हरवते. मग वादळ. ते ओसरल्यावर इंग्लिश हॉर्नवर (हे ना इंग्लिश, ना हॉर्न; ओबो या सनईसारख्या वाद्याचा जाडसर आवाजाचा भाऊ) आल्प्समधल्या गुराख्यांची गाईंना साद घालणारी धून, आणि तिच्याभोवती बागडणारी बासरी. एवढं झाल्यावर कुठे ट्रम्पेट गर्जतो. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने याला चार भागांची सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदाची मोठी रचना, म्हटलं होतं, ते उगाच नाही.

जुनं चिकटवल्याचा आरोप खरा आहे, पण दुसऱ्या ऑपेराबाबत. 'बार्बर ऑफ सेव्हिल'चं १८१६ मधलं ओव्हर्चर त्याआधी १८१३ आणि १८१५ मध्ये दोन ऑपेरांना वाजून झालं होतं. टेलचं टेलसाठीच लिहिलेलं.

राहता राहिला आळस. १९ वर्षांत ३९ ऑपेरा लिहिणारा आळशी! टेलनंतर त्याने सोडले ते ऑपेरा, संगीत नव्हे. 'स्टाबाट माटेर' ही त्याची धार्मिक गायनरचना १८४२ मध्ये पॅरिसमध्ये संपूर्ण सादर झाली. १८६४ मध्ये त्याचा एक 'छोटा' मास (चर्चमधल्या प्रार्थनांचं संगीत) वाजला. हा छोटा मास तासाहून जास्त चालतो.