गेटला टांगलेलं चुंगडं

सकाळी साडेसहाला सडा टाकायला बाहेर आले तर गेटला परत एक चुंगडं टांगलेलं. युरियाचं पांढरं पोतं, सुतळीनं गच्च तोंड बांधलेलं. कोणी टांगलं, कधी टांगलं, पत्ता नाही. आमच्या गल्लीत लोक मांजरीची पिल्लं सुद्धा अशीच रात्री आणून सोडतात, पण ती निदान मोठी झाली की आपापली निघून जातात, फाटक्या बनियनचं तसं नसते, ती कुठेच जात नाही.

आता चूक माझीच आहे म्हणा. पाच वर्षांपूर्वी बचत गटाच्या मीटिंगमध्ये, चहा यायला वेळ होता आणि सगळ्या गप्प बसल्या होत्या म्हणून, मी सहज बोलून गेले की माझ्या कामाला जुने कपडे लागतात, कोणाकडे असले तर सांगजा. सांगजा म्हटलं होतं, आणजा नव्हतं म्हटलं. चौथ्या दिवशी पहिलं चुंगडं आलं.

काम काय तर मी जुन्या कपड्यांच्या पट्ट्या काढून त्याच्या सतरंज्या, पायपुसणी, भिंतीवर टांगायचे तुकडे असं विणते, मधल्या वेळात जुने स्वेटर उसवून त्याच्या लोकरीचं काहीतरी करते, आणि दुधाच्या पिशव्या कापून क्रोशानं थैल्या करते. नागपूरला प्रदर्शनात गेलं की याला टेक्सटाईल आर्टिस्ट म्हणतात आणि बाया गॉगल डोक्यावर सरकवून वॉव म्हणतात. गावात मी चिंध्यावाली वहिनी. बँकेत खातं उघडताना व्यवसायाच्या रकान्यापाशी मी दोन मिनिटं त्या पोराला समजावून सांगितलं, त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गृहिणी लिहिलं.

माझा माग म्हणजे आजेसासऱ्यांची सागवानी बाज. नेवार काढून टाकली, वरच्या आणि खालच्या लाकडाला अर्ध्या अर्ध्या इंचावर खिळे ठोकले, उभ्या दोऱ्यांचा ताणा बांधला आणि बाज भिंतीला उभी केली. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. "बाज उभी करू नये व घरात, अपशकुन असते," असं दोन वेळा म्हणून त्या मागच्या अंगणात जाऊन बसल्या. येणारे पाहुणे पण पहिले बाजेकडे पाहतात, मग आमच्याकडे, मग घरातली माणसं मोजतात.

तसं खरं विणकाम मी भंडाऱ्याकडे शिकले, एका कोष्टी आजोबांच्या मागाशेजारी बसून. ते कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवती साडी विणायचे. आडवा दोरा नेणारे तीन धोटे, दोन काठांचे आणि एक मधल्या अंगाचा, आणि प्रत्येक फेरीला काठाचा दोरा अंगाच्या दोऱ्यात अडकवत जायचं, त्यातून काठाला ते करवतीसारखे दात पडतात. हे काम पाहिलं की आपण आजवर नुसता वेळ घालवला असं वाटते. सहा महिन्यांनी मी मोठ्या हौसेनं माझी चिंध्यांची पहिली सतरंजी त्यांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, उलटी पाहिली, सुलटी पाहिली, बोटानं दाबून पाहिली आणि म्हणाले, "चांगली हाये बाई. अशाच्यानं आमी माग पुसतो."

असो. तर चुंगडं.

चुंगडं उघडणं ही माझ्या मते एक वेगळीच कला आहे आणि ती कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत. तोंड फिरवून सुतळी सोडायची, दोन मिनिटं लांब उभं राहायचं, मग काठीनं उलटं करायचं. आत काय निघेल सांगता येत नाही. एका पायाचा मोजा, लग्नातला फेटा, झिप गेलेली पँट, त्या पँटीच्या खिशात २०१९ ची बसची तिकिटं. एकदा एक विंचू निघाला होता, तो मेलेला होता पण मला ते कळायला जरा वेळ लागला.

मला पाहिजे असते सुती कापड. सुती साडीच्या पदराकडच्या कडेला कात्रीनं एक बारीक छेद द्यायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचं, टर्रर्र करत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ फाटत जाते, कारण फाट दोऱ्याला धरून पळते, इकडे तिकडे भटकत नाही. पंचेचाळीस इंच पन्ह्याची, साडेपाच मीटरची साडी दीड दीड इंचानं फाडली की तीस पट्ट्या, म्हणजे १६५ मीटर. पंधरा मिनिटांत काम खतम, आणि कोणावर राग असला तर तोही जाते. सिंथेटिक साडी मात्र फाटतच नाही. ती हातातून सरकते, कात्रीतून सरकते, फरशीवरून सरकते, आणि जॉर्जेटच्या पट्ट्या मागावर घेतल्या तर अख्खी सतरंजी दुसऱ्या खोलीत चालली जाते असं वाटते. जीन्सचं तर नावच काढू नका, दोन कात्र्या गेल्या.

आणि चुंगड्यात दहातल्या आठ सिंथेटिक! अवो, गावाच्या चहूबाजूंनी पऱ्हाटी, दसरा झाला की वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून आमचे हे सकाळी पाचला मोटरसायकल घेऊन तीन गावं फिरतात, घरातल्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, झोपायला जागा नाही, आणि अंगावर सगळ्यांच्या पॉलिस्टर. नागपूरला कापडाची एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली, गांधीजी १९३६ ला आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला येऊन राहिले, वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे मांडून ठेवलेत, आणि मी सुती चिंधी शोधत उकिरड्यापर्यंत जाऊन आले. वरून गावातले म्हातारे ऐकवतात, "बापूच्या टायमाले सारेच सूत काते, तुमी काय नवं करून राहिल्या?" त्यांच्या अंगातला शर्ट टेरिकॉटचा असते.

तर या सिंथेटिकचं करायचं काय, हा प्रश्न भांडेवालीनं सोडवला. म्हणजे आधी ती भांडायलाच आली होती. डोक्यावर टोपलं, टोपल्यात स्टीलची भांडी, ओसरीवर टेकली, पाणी प्याली आणि म्हणाली, "बाई, तुमी माह्या पोटावर पाय देऊन राहिल्या. गावातले सारे जुने कपडे तुमच्या घरी. म्या काय मातीत भांडे इकू?" मला एकदम शरमल्यासारखं झालं. मग आम्ही दोघींनी तह केला, सुती आणि फाटकं माझं, सिंथेटिक आणि धड तिचं. पहिल्याच दिवशी तिनं अठरा साड्या एकेक करून उजेडाला धरून पाहिल्या, तीनला भोकं काढली, दोनचा रंग उडाला म्हणाली, आणि मला एक स्टीलचा गंज, म्हणजे दुधाचं पातेलं, दिला. मी हरखले. दर महिन्याला एक गंज. आजच्या घडीला आमच्याकडे अकरा गंज आहेत आणि दूध पाव लिटर येते.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण समोरच्या काकू आठवडी बाजारात गेल्या. तिथं भेंडीच्या दुकानापाशी त्यांना त्यांची मोरपंखी साडी दिसली. दुसऱ्याच बाईच्या अंगावर. काकू तिच्यामागं अख्खा बाजार फिरल्या, पदरावरचा भाजीचा डाग पाहून खात्री केली आणि तशाच माझ्या दारात.

"माह्या भावानं घेतली होती व ते."

"पण काकू, तुम्ही तर ती मला देऊन टाकली होती ना?"

"मी तुले कापाले देल्ली होती. दुसऱ्या बाईले नेसाले नाही!"

यावर काय बोलणार? मला तर ते पटलंही. तुकडे झालेले चालतात, दुसरीच्या अंगावर शोभलेली चालत नाही. (आणि काकूंनीच नंतर सांगितलं, तिला ती शोभून दिसत होती, हेच तर दुखणं होतं.) तेव्हापासून भांडेवालीशी व्यवहार बंद, आणि काकू दर पंधरा दिवसांनी येऊन माझ्या सतरंज्यांमध्ये स्वतःचे कपडे शोधतात. हे माह्या गाऊनचं, हे पोट्ट्याच्या शाळेच्या शर्टाचं, हे यांच्या पायजम्याचं, असं बोट ठेवत ठेवत जातात. एखादी पट्टी सापडली नाही तर माझ्याकडे अशा पाहतात की मी ती खाल्ली.

फ्लेक्सचा किस्सा थोडक्यात सांगते, कारण त्यात माझं नुकसानच झालं. चौकातल्या टपरीवाल्यानं मला एका नेत्याच्या वाढदिवसाचे जुने फ्लेक्स दिले, चांगले वीस. मला वाटलं मजबूत माल आहे, पायपुसणी करू. आता फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर, त्यात पाणी शिरत नाही, तेव्हा त्यावर पाय पुसले की पाय ओले ते ओलेच, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. ते राहिलं बाजूला, किराणावाल्यानं एक नेलं आणि संध्याकाळी परत घेऊन आला. पट्ट्या विणता विणता बरोबर मधोमध भाऊंचा एक डोळा आणि अर्धी मिशी वर आली होती. "वहिनी, गिऱ्हाईक चपला काढून बाजूनं उडी मारून येते. भाऊच्या डोळ्यावर पाय कसा देईन कोणी?" उलटं करून टाका म्हटलं. उलट्या बाजूनं नमस्कार करणारे हात होते.

लोकरीचं काम मे महिन्यात करावं लागते हे कोणाला सांगूनही खरं वाटत नाही. आमच्याकडे थंडी मोजून दोन महिने, पण त्यासाठीचं विणकाम उन्हाळ्यापासूनच धरावं लागते, म्हणजे बाहेर पारा ४६ वर, लाईट गेलेली, कूलरमधलं पाणी गरम, आणि मांडीवर लोकरीचं दीड किलोचं गाठोडं. घामेल्या हाताला लोकर अशी चिकटते की अस्वल विणायला बसलं असं दिसते. त्यातून ती उसवलेली लोकर, शेवयांसारखी वळलेली. तिच्या लडी करायच्या, धुवायच्या, ओल्या असतानाच तारेवर टांगायच्या आणि खाली पाण्याचा तांब्या लटकवायचा म्हणजे वजनानं ती सरळ होते. आमच्या अंगणात असे सात-आठ तांबे अधांतरी लटकत असतात. नवीन आलेल्या पोस्टमननं हळूच विचारलं होतं, घरात कोणाला काही बाहेरचं आहे का म्हणून.

आणि सगळेच स्वेटर उसवत नाहीत हो. हातानं विणलेला एका दोऱ्यात सरसर सुटत जाते, फॅक्टरीतला पुष्कळदा आधी कापड विणून मग कापून शिवलेला असते, त्याची शिवण सोडली की वीतवीतभर तुकडे हातात येतात. म्हणून आधी बगलेतली शिवण पाहायची. ही सवय इतकी लागली की मागच्या डिसेंबरात एका लग्नात मी जावेच्या बहिणीचा हात वर करून तिची बगल पाहत होते आणि हे मला कोपरानं ढोसत होते. यांचा बिचाऱ्यांचा विषय तर बोलायलाच नको. अंघोळीला जाताना कपडे आत घेऊन जातात.

आता सासूबाईंचं. नागपूरच्या प्रदर्शनासाठी सहा बाय चारची सतरंजी लावली होती, निव्वळ सुती, मधून लाल पट्टा. दोन हात काम राहिलं आणि लाल संपलं. गावभर विचारलं, लाल सुती कुठंच नाही. तारेवर सासूबाईंचं लाल लुगडं वाळत होतं, दोन ठिकाणी फाटलेलं, दांड भरलेलं, मऊ पडलेलं. मी काही बोलले नाही. नुसतं पाहिलं. पण म्हातारीची नजर घारीसारखी, त्या रात्रीपासून लुगडं उशाखाली.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी मी दुपारी मागाशी बसले होते तर मागून आवाज आला, "किती लागते?"

"अर्धं पुरेल."

त्यांनी लुगडं मांडीवर घेतलं, मधोमध घडी घातली, दातानं काठ तोडला आणि स्वतःच फाडलं. टर्रर्र. मग म्हणाल्या, "पोट्टीच्या बाळंतपणातलं हाये. नीट लावजो." आणि प्रदर्शनाला त्या पण येणार, हेही त्याच दमात सांगून टाकलं.

आल्या. खुर्ची घेऊन सतरंजीशेजारी बसल्या. तीन दिवस. लोक चांगले येत होते, सतरंजी सगळ्यांच्या नजरेत भरत होती, एका बाईनं तर किंमत न विचारता पर्स उघडली आणि कशी वाटते पाहावी म्हणून चप्पल काढून एक पाय वर ठेवला.

"पाय नोका देऊ जी," सासूबाई म्हणाल्या, "माह्यं लुगडं हाये त्यात."

बाईनं पाय असा उचलला की विस्तवावर पडला होता. मग भिंतीवर टांगीन म्हणाली, तर सासूबाईंनी विचारलं की घरात कोणत्या भिंतीवर, तिकडे चूल तर नाही ना, लेकरं किती, कुत्रं आहे का. कुत्रं होतं. तीन दिवसांत बाकीचं सगळं गेलं, दुधाच्या पिशव्यांच्या थैल्या सुद्धा गेल्या, सतरंजी तेवढी राहिली.

परत येताना एसटीत मी सतरंजीची वळकटी करून मधल्या जागेत उभी ठेवली. कंडक्टर आले, माझं अर्धं तिकीट फाडलं, सासूबाईंचं कार्ड पाहिलं, पंच्याहत्तरच्या वर असल्यानं त्यांना फुकट. मग वळकटीकडे बोट दाखवून म्हणाले, "याचं लगेज लागन."

सासूबाईंनी वळकटी जवळ ओढली.

"मले तिकीट नाही तं माह्या लुगड्याले कसं काय लागते जी?"

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहायला लागले.