खुलासा : गुळाने आणि मधानेही दात किडतात

‘साखर बंद करा, मुलांना गूळ-मध द्या, नैसर्गिक गोडाने दात किडत नाहीत’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. गुळातही मुख्यतः सुक्रोज, म्हणजे साखरच असते. मधात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. दातांवरच्या थरातले जंतू या तिन्हींपासून आम्ल बनवतात. तोंडातला सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास तरी लागतो. गुळाची चिक्की तर दाढेच्या खाचेत रुतून बसते. चोखणीला मध लावणं मुळीच नको. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचाच नसतो.

स्टीव्हियाचं, म्हणजे एका वनस्पतीच्या गोड पानांपासून काढलेल्या, साखरेऐवजी वापरायच्या पदार्थाचं, तसं नाही. त्याच्या गोडव्यापासून जंतूंना आम्ल करता येत नाही. पण पुडीवरचे घटक वाचा: डेक्स्ट्रोज (ग्लुकोजच) किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) मिसळलेलं असेल, तर जंतूंना खाद्य मिळालंच.

गोड द्यायचं तर जेवणासोबत द्या, येता-जाता नको. रात्री फ्लोराइडची पेस्ट लावा: ३ वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांत वाटाण्याएवढी. नंतर फेस थुंकायला सांगा, खळखळून चूळ भरू देऊ नका. फ्लोराइड धुऊन जातं.